डायलॉग कुठे गेले?

सबमिशन संपलं त्या रात्री हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये पिक्चर लावायचं ठरलं. प्रोजेक्टर डिपार्टमेंटमधून रीतसर सही करून आणला, पडदा म्हणून फर्स्ट इयरच्या एका बापड्याची कोरी बेडशीट लागली, आणि साउंडची जबाबदारी माझ्यावर आली. ई अँड टीसीचा फायनल इयरचा पोरगा म्हटलं की पंख्याच्या रेग्युलेटरपासून ॲम्प्लिफायरपर्यंत सगळं त्याला येतं, असा आपल्या हॉस्टेलचा ठाम समज आहे. मी लॅपटॉपला केबल लावली, ती ॲम्प्लिफायरला जोडली, बेडशीटच्या दोन बाजूंना दोन स्पीकर ठेवले आणि ऐटीत मागे जाऊन बसलो.

टायटल्स झकास वाजली. मग हीरो बोलायला लागला आणि आवाजच येईना. ओठ हलतायत, मागे पाऊस पडतोय, व्हायोलिन भरभरून वाजतायत, पण माणूस मुका. कान देऊन ऐकलं तर विहिरीच्या तळातून बोलल्यासारखं काहीतरी. गाणं लागलं तर वाद्यं जागच्या जागी आणि गाणारा गायब, त्याचा नुसता घुमारा शिल्लक. पहिलं गाणं पोरांनी स्वतःच गाऊन घेतलं, दुसऱ्याला माझ्या घराण्याचा उद्धार केला. रेक्टर सर मागच्या खुर्चीवर होते. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

अर्ध्या तासाने कारण सापडलं. केबलच्या पिनमधली ग्राउंडची तार आतल्या आत तुटली होती. पिन बोटानं दाबून धरली की हीरो बेडशीटच्या बरोब्बर मधून बोलायचा, बोट काढलं की पुन्हा मुका. उरलेला पिक्चर मी पिन दाबूनच बघितला, म्हणजे बघितलाच नाही.

पण डोक्यातून जाईना. तार तुटली तर आवाज बंद व्हावा, नाहीतर खरखर यावी. माणूस कुठला आणि व्हायोलिन कुठलं हे तुटक्या तारेला कळतंच कसं? त्यात महिनाभरापूर्वीची एक जखम ताजी होती. सेमिनारच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी विचारलं होतं की आवाजाची फेज बदलली तर कानाला कळतं का. मी छातीठोकपणे सांगितलं होतं की नाही कळत, कानाला फक्त फ्रीक्वेन्सी आणि लेव्हल कळते, फेज बघायची ती स्कोपवर. सर नुसते हसले आणि ते हसणं त्यांनी मार्कांतून वसूल केलं.

केबलचं उत्तर तसं साधं निघालं. डावा आणि उजवा सिग्नल आपापल्या तारेनं जातात, पण परत येतात एकाच ग्राउंडवरून. ती तार तुटली की परतीचा रस्ता उरतो तो शेजाऱ्याच्या अंगणातून. मग स्पीकरला डावा किंवा उजवा मिळत नाही, दोघांतला फरक मिळतो. एकाला डावा वजा उजवा, दुसऱ्याला उजवा वजा डावा. पिक्चरमधले संवाद दोन्ही बाजूंना अगदी सारखे भरलेले असतात, म्हणून तर ते मधून आल्यासारखे वाटतात. सारख्यातून सारखं गेलं की शून्य. दोन्हीकडे जे वेगवेगळं असतं तेवढं उरतं, म्हणजे पाऊस, व्हायोलिन आणि घुमारा. माझ्या तुटक्या केबलनं वजाबाकी केली होती.

ही बेरीज-वजाबाकी आवाजाच्या कामाला पहिल्यांदा नीट कुणी जुंपली हे शोधायला लायब्ररीत बसलो, तर सगळे रस्ते एकाच माणसापाशी जायला लागले. ॲलन डॉवर ब्लमलाइन. आपल्या सिलॅबसमध्ये त्याचं नाव मला कुठे दिसलं नाही, काम मात्र सेकंड इयरपासून आपल्या मानगुटीवर आहे.

ब्लमलाइन २९ जून १९०३ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात जन्मला. वडील जर्मनीत जन्मून ब्रिटिश नागरिक झालेले, खाणींशी संबंधित इंजिनिअर. आई दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या एका मिशनऱ्याची मुलगी. सात वर्षांचा असताना त्यानं घराची बिघडलेली डोअरबेल दुरुस्त केली आणि वडिलांना रीतसर बिल दिलं, खाली स्वतःच्या नावापुढे इलेक्ट्रिकल इंजिनिअर अशी पदवी लावून. आपण चार वर्षं फी भरून जी पदवी घेतो ती त्यानं दुसरीत असतानाच लावली होती. गंमत अशी की बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं. बीजगणित मात्र येत होतं. वाचायचा आळस त्याला पुढेही असावा, आणि लिहायचाही. कारण त्याच्या नावावर पेपर मोजकेच आहेत आणि पेटंट १२८. अडतीस वर्षांच्या आयुष्यात १२८!

१९२३ मध्ये लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजमधून तो फर्स्ट क्लास ऑनर्स घेऊन बाहेर पडला. वर्षभर तिथेच डेमॉन्स्ट्रेटर म्हणून काम केलं आणि १९२४ मध्ये इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनवाल्या कंपनीत लागला. काम होतं क्रॉसटॉकचं. लांबच्या केबलमध्ये शेजारशेजारच्या जोड्यांमधून एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू यायचं. (आपल्या बी विंगच्या भिंतींची आठवण झाली ना?) १९२७ मध्ये सहकाऱ्याबरोबर घेतलेलं त्याचं पहिलं पेटंट याच विषयाचं आहे. पुढे त्यानं ट्रान्सफॉर्मरच्या दोन घट्ट जोडलेल्या वाइंडिंग वापरून मोजणीचा एक ब्रिज बनवला. मेझरमेंट लॅबमध्ये ज्याला रेशो आर्म ब्रिज म्हणतात, तो हाच.

मला या माणसाची नाडी इथेच सापडली. दोन तारा समोर आल्या की तो प्रत्येक तारेत काय आहे हे बघत नसे. दोघींत सारखं काय आणि वेगळं काय हे बघत असे. त्यानं पुढे जे जे केलं त्यात हीच नजर आहे.

१९२९ मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत गेला. तिथे आयझॅक शोनबर्ग नावाचा रशियातून आलेला जबरदस्त साहेब होता. प्लेसमेंटवाल्यांसाठी एक किस्सा सांगतात. मुलाखत झाल्यावर ब्लमलाइननं आधीच बजावलं की माझा पगाराचा आकडा ऐकलात तर तुम्ही मला घेणार नाही. शोनबर्गनं आकडा ऐकला आणि त्याहून जास्त पगार देऊ केला. काम काय, तर रेकॉर्ड कापायच्या यंत्राचं अमेरिकन पेटंट चुकवणं, कारण प्रत्येक रेकॉर्डमागे रॉयल्टी जात होती. ब्लमलाइननं होल्मन या सहकाऱ्याबरोबर मूव्हिंग कॉइलचा कटर नव्यानं बनवला आणि रॉयल्टीतून कंपनीची सुटका केली. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एक होऊन ईएमआय झाली. हा ईएमआय म्हणजे घरचे दर महिन्याला भरतात तो हप्ता नव्हे, इलेक्ट्रिक अँड म्युझिकल इंडस्ट्रीज. लंडनच्या पश्चिमेला हेज इथे तिची प्रयोगशाळा होती.

त्याच १९३१ मधली गोष्ट. ब्लमलाइन डोरीन लेन या मुलीबरोबर पिक्चरला गेला होता. (पुढे १९३३ मध्ये त्यांचं लग्न झालं.) बोलपट नवे होते आणि पडद्यामागे आवाजाचा एकच उगम. नट पडद्याच्या या टोकाला, आवाज त्या टोकाला. बाकी प्रेक्षक रडायच्या जागी रडत असताना हा अस्वस्थ. नट चालेल तसा आवाज चालवता येईल आणि ते कसं करायचं हे मला माहीत आहे, असं त्यानं डोरीनला सांगितलं. पिक्चरला घेऊन गेलेल्या मुलीशी असं बोलणारा माणूस इंजिनिअरच असणार. पण मला हे वाचून बरं वाटलं. पिक्चरमधला आवाज चुकीच्या जागेहून येतो म्हणून झोप उडालेला मी पहिला नव्हतो.

१४ डिसेंबर १९३१ ला त्यानं पेटंटचा अर्ज केला. ब्रिटिश पेटंट क्रमांक ३९४३२५, मंजूर जून १९३३ मध्ये, त्यात सत्तर दावे. त्या एका कागदात आजचा सगळा स्टिरिओ आहे. आणि माझ्या ओरलचं उत्तरही.

एका कानाला एका सुराची फेज कळत नाही हे पुस्तकातलं खरंच आहे. पण आपल्याला कान दोन आहेत. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानापाशी थोडा उशिरा पोचतो. डोकं मोठं असो की लहान, हा उशीर मिलिसेकंदाच्याही आत, साधारण ०.६ ते ०.७ पर्यंत. साताठशे हर्ट्झच्या खालच्या आवाजाला डोकं अडवू शकत नाही, दोन्ही कानांना लेव्हल जवळपास सारखीच मिळते. म्हणून तिथे मेंदू दोन कानांमधला फेजचा फरक बघतो आणि दिशा ठरवतो. वरच्या फ्रीक्वेन्सीला डोक्याची सावली पडते, तिथे लेव्हलचा फरक उपयोगी येतो. म्हणजे एक्स्टर्नल सर बरोबर हसले होते.

आता यातली खोच. डाव्या कानाला लागायला हवं ते डाव्या माइकने पकडून डाव्या स्पीकरला दिलं की काम झालं, असं आपल्याला वाटतं. हेडफोनला ते चालतं. पण स्पीकर लावले की प्रत्येक कान दोन्ही स्पीकर ऐकतो, आणि जपून आणलेला फेजचा फरक हवेतच विस्कटतो. ब्लमलाइननं कागदावर दाखवलं की दोन स्पीकरना एकाच फेजचा पण कमी-जास्त लेव्हलचा आवाज दिला, तर प्रत्येक कानाशी दोघांची बेरीज होते आणि त्या बेरजेत आपोआप योग्य तो फेजचा फरक तयार होतो. स्पीकरपाशी लेव्हलचा फरक द्या, कानापाशी फेजचा फरक मिळेल. मी हे गणित वहीत तीनदा मांडलं. तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि रूममेटला उठवून सांगायचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला.

मग प्रश्न उरतो की दोन जवळजवळ ठेवलेल्या साध्या माइकमध्ये तर लेव्हल सारखी आणि फेज वेगळी येते, तिचं लेव्हलमध्ये रूपांतर कसं करायचं? इथे त्याची जुनी नजर कामाला आली. दोन्ही सिग्नलची बेरीज घ्या आणि वजाबाकी घ्या. एक सिग्नल थोडा पुढे, दुसरा तेवढाच मागे असेल तर त्रिकोणमितीच सांगते की वजाबाकी बेरजेपासून बरोबर ९० अंश फिरलेली निघते. तिला ९० अंश परत फिरवा. आता बेरीज आणि वजाबाकी एका ओळीत आल्या. पुन्हा एकदा दोघींची बेरीज करा, तो डावा. वजाबाकी करा, तो उजवा. फेज दोघांची सारखी, लेव्हल वेगळी! वजाबाकीचा आकार फ्रीक्वेन्सीबरोबर वाढतो, पण इंटिग्रेटर ९० अंशही फिरवतो आणि हा चढही सपाट करतो. एका दगडात दोन पक्षी. या सर्किटला शफलर म्हणतात. पत्ते पिसतात ना, तसं.

दुसरा उपाय त्यानं दिला तो आणखी सोपा. आठच्या आकड्यासारखी ग्रहणशक्ती असलेले दोन माइक एकाच जागी, एकमेकांशी काटकोनात लावायचे. जागा एकच म्हणून फेजचा घोळच नाही, फक्त लेव्हलचा फरक. रेकॉर्डिंगवाले आजही याला ब्लमलाइन पेअर म्हणतात. रेकॉर्डवर दोन चॅनल कसे कोरायचे तेही त्याच पेटंटमध्ये आहे: एकाच खाचेच्या दोन भिंती, ४५-४५ अंशांत, प्रत्येक भिंतीवर एक चॅनल.

डिसेंबर १९३३ मध्ये हेजच्या सभागृहात इंजिनिअर लोक स्टेजवर इकडून तिकडे चालत, बोलत राहिले आणि त्यांचा आवाज त्यांच्यामागे फिरताना रेकॉर्डवर उतरला. जानेवारी १९३४ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम मोझार्टची ज्युपिटर सिंफनी वाजवून घेत होता, तीही स्टिरिओत कोरली. १९३५ मध्ये छोट्या फिल्म केल्या. त्यातली एक फक्त हेज स्टेशनवरून जाणाऱ्या आगगाड्यांची. आणि मग कंपनीने हे सगळं कपाटात ठेवून दिलं. घेणारं गिऱ्हाईक दिसत नव्हतं. स्टिरिओ रेकॉर्ड दुकानात आल्या १९५८ मध्ये, ४५-४५ अंशांच्या त्याच खाचेसकट. पेटंटची मुदत तोवर संपली होती. माणूसही.

ब्लमलाइन रुसून बसला नाही, बसायला वेळच नव्हता. शोनबर्गनं त्याला टेलिव्हिजनवर घेतलं. २ नोव्हेंबर १९३६ ला बीबीसीने लंडनच्या ॲलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केलं, तेव्हा बेअर्डची २४० रेषांची पद्धत आणि ईएमआयवाल्यांची ४०५ रेषांची पद्धत यांची आळीपाळीने परीक्षा झाली. काही महिन्यांत बेअर्ड बाद. १२ मे १९३७ ला सहाव्या जॉर्जच्या राज्यारोहणाची मिरवणूक दाखवायची होती. कॅमेरे हाइड पार्क कॉर्नरला, स्टेशन आठ मैलांवर, आणि मधल्या केबलवर शहरभरचा विजेचा गोंगाट. ब्लमलाइनच्या सर्किटने काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. गोंगाट दोन्ही तारांवर सारखा बसतो, चित्र दोघींतल्या फरकात असतं. सारखं ते टाका, फरक तेवढा वाढवा. या सर्किटचं नाव लाँग-टेल्ड पेअर. ऑप-ॲम्प उघडला की आत पहिल्या पायरीला जी डिफरन्शियल जोडी बसलेली असते, ती याचीच वंशज. सीएमआरआर म्हणजे काय, या प्रश्नावर ओरलला ज्यांची दांडी उडालेली आहे त्यांनी इथे दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं.

घोडेस्वारी, विमान चालवणं आणि पिक्चर या त्याच्या आवडी. दोन मुलं झाली, सायमन आणि डेव्हिड. पश्चिम लंडनमधल्या ईलिंगला घर. एवढं सुखाचं चित्र आहे, आणि मग युद्ध.

युद्धाच्या तोंडावर त्यानं विमानांचा कानोसा घेणाऱ्या भोंग्यांना ऑसिलोस्कोपची नळी जोडली. दोन भोंग्यांत पोचणाऱ्या आवाजातला फरक कानाने ऐकण्याऐवजी पडद्यावर बघायचा. स्टिरिओच, फक्त श्रोता तोफखान्याचा. मग रात्रीच्या लढाऊ विमानांसाठी रडारचा मॉड्युलेटर. पल्सची शेपटी छाटल्यामुळे शत्रूचं विमान अगदी जवळ आल्यावरही दिसू लागलं. पल्स तयार करायला त्यानं काढलेली ट्रान्समिशन लाइनची रचना आजही ब्लमलाइन याच नावाने ओळखली जाते आणि नायट्रोजन लेसर बनवणारे ती वापरतात.

शेवटचं काम एचटूएस. दहा सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरी वापरून ढगांवरून, रात्रीच्या अंधारात, खालची जमीन आणि शहरं पडद्यावर दाखवणारं रडार. कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन हे त्याचं हृदय आणि युद्धातलं मोठं गुपित. बर्नार्ड लव्हेलच्या गटानं हॅलिफॅक्स बॉम्बर व्ही ९९७७ मध्ये त्याचा नमुना बसवला होता. रविवार, ७ जून १९४२. डेफर्डच्या विमानतळावरून हॅलिफॅक्स चाचणीला उडालं. आत अकरा माणसं. ईएमआयचे ब्लमलाइन, सेसिल ब्राउन आणि फ्रँक ब्लायथेन. बाकी रडार संशोधन केंद्राचे आणि हवाई दलाचे. उजवीकडच्या बाहेरच्या इंजिनाला आग लागली, ती पंखात शिरली, आणि वाय नदीच्या काठी वेल्श बिकनर या गावाजवळ विमान कोसळलं. कुणीही वाचलं नाही.

चौकशीत निघालं ते असं. इंजिनाच्या तपासणीच्या वेळी एका टॅपेटचं नट पुरतं आवळायचं राहिलं होतं. ते सैल होत गेलं, व्हॉल्व्हची दांडी थकून मोडली, आणि पेटतं मिश्रण नको तिथे पोचलं. एक नट. हे वाक्य वाचलं तेव्हा माझ्या टेबलावर ती तुटक्या ग्राउंडची केबल होती. मी ती उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली.

एकोणचाळिसावा वाढदिवस बावीस दिवसांवर होता. बातमी लगेच छापली गेली नाही, शत्रूला कळू नये म्हणून. वर्षं गेली, आणि जाहीर झाली तेव्हा जगाला इतर बरंच काही सांगायचं होतं. ३० जानेवारी १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवर एचटूएस पहिल्यांदा वापरलं गेलं. त्यानं केलेल्या रडारनं माणसं मारायला मदत केली, हे खरं आहे आणि मला ते गिळायला जड जातं. पण लंडनवर बॉम्ब पडलेले बघितलेल्या माणसाला मी इथे मेसच्या टेबलावर बसून काय सांगणार?

आता माझ्या प्रोजेक्टकडे येतो, कारण तो या माणसामुळे बदलला. मी सराउंड साउंडचा एन्कोडर-डिकोडर करायला घेतला. १९७० च्या दशकात सिनेमाच्या फिल्मवर दोनच आवाजपट्ट्यांना जागा होती आणि हवे होते चार चॅनल: डावा, मधला, उजवा आणि मागचा. डॉल्बी स्टिरिओनं ते जमवलं आणि १९७७ च्या स्टार वॉर्सनं ते जगभर गाजवलं. (मिरवणुकीत काचा फोडतो तो डॉल्बी वेगळा. खरा रे डॉल्बी १९६३ ते १९६५ भारतात युनेस्कोचा सल्लागार होता, मग त्यानं लंडनला कंपनी काढली.) युक्ती पुन्हा तीच. मधला चॅनल दोन्ही पट्ट्यांत सारखा घालायचा, तो बेरजेत सापडतो. मागचा चॅनल दोन्हींत उलट घालायचा, तो वजाबाकीत सापडतो. १९७० च्या सुमारास डेव्हिड हॅफलरने तर नुसता एक स्पीकर ॲम्प्लिफायरच्या दोन्ही गरम टोकांमध्ये जोडून मागचा आवाज काढून दाखवला. म्हणजे माझी तुटकी केबल त्या रात्री सराउंड डिकोडर झाली होती, फक्त आम्ही तो पुढे लावून बसलो होतो.

मी पहिल्यांदा एन्कोडर केला तो सरळ अधिक-उणे लावून. मागचा आवाज डावीकडे अधिक, उजवीकडे उणे. स्थिर आवाजाला ठीक वाजला. मग एक गुणगुण समोरून डोक्यावरून मागे न्यायला गेलो, तर ती मधेच झोक खाऊन डाव्या भिंतीला चिकटली. बघितलं तर अर्ध्या वाटेवर ती मधल्या चॅनलमध्येही होती आणि मागच्यातही. डावीकडे दोघांची बेरीज, उजवीकडे दोघांची वजाबाकी म्हणजे शून्य. यावरचा उपाय म्हणजे फेज शिफ्ट. मागचा चॅनल तीन डेसिबल कमी करून डावीकडे अधिक ९० अंश आणि उजवीकडे उणे ९० अंश फिरवून घालायचा. दोघांत फरक १८० अंशांचाच राहतो, पण समोरच्या आवाजाशी तो दोन्हीकडे काटकोनात मिळतो, म्हणून दोन्हीकडची लेव्हल सारखी. झोक बंद.

हे लिहायला एक वाक्य लागलं, करायला सहा आठवडे. सगळ्या फ्रीक्वेन्सीला बरोबर ९० अंश फिरवणारं एक सर्किट बनत नाही. ऑल-पास फिल्टरच्या दोन समांतर साखळ्या करायच्या, दोन्ही फेज फिरवतात, पण दोघींतला फरक ९० च्या आसपास टिकतो. पाच टक्क्यांचे कपॅसिटर टाकले की फरक ८२ ते ९७ मध्ये हिंदकळायला लागतो. शेवटी दोन डझन कपॅसिटर लॅबमध्ये एलसीआर मीटरवर मोजून जोड्या लावल्या. सॉफ्टवेअरमध्येही हीच गोम आहे. ५.१ चॅनलची फाइल दोन चॅनलमध्ये बदलताना मागचे चॅनल न फिरवता नुसते मिसळले, तर ते नंतर डिकोडरला नीट सापडत नाहीत. म्हणूनच डॉल्बी डिजिटलच्या एन्कोडरमध्ये सराउंड ९० अंश फिरवण्याचा वेगळा पर्याय ठेवलेला असतो. आपण तो न वाचता ओके दाबतो.

२०१५ मध्ये ॲबी रोडला ब्लमलाइनच्या नावाची आयईईईची पाटी लागली, २०१७ मध्ये त्याला टेक्निकल ग्रॅमी मिळालं.

परवा डिकोडर वाजला. डेमोच्या आधी तपासायचा म्हणून हेज स्टेशनवरची ती १९३५ ची फिल्म मिळवली आणि टीव्ही रूममध्ये लावली. पडदा मुद्दाम लावला नाही, नुसता आवाज. मेसचे काका डबे गोळा करायला आले होते. त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं आणि डोळे मिटून घ्या म्हटलं. खरखरीतून वाफेचं इंजिन आलं. काकांनी डोळे मिटलेलेच ठेवून बोट वर केलं आणि ते हळूहळू खोलीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला नेलं. गाडी गेली. बोट खिडकीकडे थांबलं. मग त्यांनी विचारलं की पॅसेंजर होती का रे ही. मी म्हटलं, काका, ते काही पेटंटमध्ये लिहिलेलं नाही.